साच्याबाहेरचे दातार

मानवजातीने लावलेला सर्वांत थोर शोध म्हणजे अपवाद, असं आमच्या दातारांचं मत होतं. अग्नी आणि चाक त्यानंतर. हे मत ते अंधेरीतल्या आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये, मागच्या माणसाचा डोसा थंड होईपर्यंत मांडत.

लग्नाची पत्रिका आली की दातार यजमानांना फोन करत. "सहकुटुंब सहपरिवार यावे, असं छापलंय. मी मुलुंडचा अविवाहित इसम. माझ्यासाठी वेगळं काही लिहिलंय का?" यजमान गांगरून म्हणत, "अहो, तुम्ही या तर!" दातार जात, व्यवस्थित जेवत आणि सोमवारी आम्हाला सांगत, "टेम्प्लेट! पत्रिका टेम्प्लेट, जिलबी टेम्प्लेट. भटजी तर काय, नुसती नावं बदलतो."

टेम्प्लेट ही त्यांच्या तोंडची सर्वांत मोठी शिवी. पोट मात्र त्यावरच चालत होतं. सी प्लस प्लस या आमच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एकाच नावाची दोन फंक्शनं, म्हणजे ठरावीक काम करणारे कोडचे तुकडे, लिहिता येतात. एक टेम्प्लेट, म्हणजे साचा. आकडा द्या, अक्षर द्या, कुणालाही सामावून घेणारा. दुसरं एकाच प्रकारासाठी हाताने लिहिलेलं. दोन्ही सारखीच जुळत असली तर कम्पायलर, म्हणजे आपलं कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, हाताने लिहिलेलं निवडतो. या नियमात दातारांना संस्कृतीचं सार दिसे. "कम्पायलरला कळतं रे, माणूस बघून वागावं," ते नव्या पोरांना सांगत. "आपल्या एचआरला कळत नाही."

एचआरचा निरोप समारंभ हा अस्सल साचा होता. शाल, नारळ, घड्याळ, 'यांच्या यशात वहिनींचा मोठा वाटा आहे' हे वाक्य, टाळ्या, वहिनींना साडी, समोसे. ते वाक्य दातार शेवटच्या रांगेतून एचआरच्या मृणालच्या आधी पुटपुटत.

दातारच निवृत्त होणार म्हटल्यावर आम्ही धास्तावलो. ज्या माणसाची सगळी नोकरी साच्याला नावं ठेवण्यात गेली, त्याला त्याच साच्यात घालून घरी पाठवायचं? मी मृणालला गाठलं.

"वहिनींचं वाक्य काढ. साडी काढ. यांच्यासाठी भाषण वेगळं लिही."

"अरे यार, फाईलमध्ये फक्त नाव बदलायचं असतं," ती कळवळली. पण तिने केलं.

समारंभ झकास झाला. मृणालचं भाषण दातारांच्या गाजलेल्या भांडणांवर होतं आणि ती भांडणं ज्यांच्याशी झाली तेच सर्वांत जोरात हसले. दातारांनी सोबत थोरल्या बहिणीला आणलं होतं. आई गेल्यापासून मुलुंडच्या घरात ही दोघंच. कमलताई पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी, मांडीवर पर्स धरून बसल्या होत्या. शाल झाली, नारळ झाला, घड्याळ झालं. समोशांचा वास यायला लागला आणि लोक उठायच्या बेतात आले. ताईंनी पदर सारखा केला.

"आता मला वर बोलावतील ना रे? तो म्हणाला, सगळ्यांच्या घरच्यांना बोलावतात. गुडघ्याला पट्टा बांधून आलेय मी, त्या पायऱ्यांसाठी."

मी स्टेजकडे पाहिलं. दातार नारळ सांभाळत कडेला आले आणि माझ्याकडे वाकले.

"काय रे, हाताने लिहिलेलं असतानाही साचाच चालवायचा असला तर काय करतात?"

"नावापुढे रिकामे कोनी कंस टाकतात," मी म्हटलं. "मग कम्पायलर हाताने लिहिलेलं बाजूला ठेवून साच्याकडेच जातो."

"मग टाक ना," दातार म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "तिला मी सांगून आणलंय रे."

मी मृणालकडे धावलो, मृणाल कपाटाकडे. मागच्या कुठल्याशा समारंभातून उरलेली एक साडी निघाली. धापा टाकत तिने माइक धरला आणि सवयीने बोलून गेली, "सरांच्या यशात वहिनींचा मोठा वाटा आहे."

 आता दातार काय म्हणतात ते टिपायला कुणीतरी मोबाईल काढला.

"आहे," दातार म्हणाले.

मग ते खाली उतरले आणि ताईंचा हात धरून त्यांना एकेक पायरी वर घेऊन गेले. ताईंनी साडी घेतली, छातीशी धरली आणि सगळ्या ऑफिसला वाकून नमस्कार केला. टाळ्या बराच वेळ चालल्या.

साडी शेवाळी रंगाची होती. तिला ब्लाउजपीस नव्हता.