दाऊदचाचांची मिन्यांका

आमच्या शेजारचे दाऊदचाचा रोज संध्याकाळी स्वतःच्याच घराच्या पायरीवर उभे राहून घराची खुशाली विचारत. तीही मिन्यांका भाषेत!

अख्ख्या रत्नागिरीत ही भाषा येणारा माणूस एकच. चाचा आफ्रिकेत, माली देशात, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. कोकण रेल्वे नवी नवी धावायला लागली तेव्हा ते कायमचे परतले. "दुबईवाले सोनं आणतात, आमचे हे नुसते आवाज घेऊन आले," असं आमिनाचाची म्हणायच्या.

मिन्यांकात म्हणे शब्द तोच, पण सूर वर लावला, मधे की खाली, यावर अर्थ फिरतो. चाचा दिसेल त्याला शिकवायचे. 'ग' आणि 'ब' एकाच दमात, घसा आणि ओठ एकदम उघडून म्हणायचा, असा एक उच्चार त्यांनी माझ्याकडून घोटून घ्यायला सुरुवात केली आणि माझी कवळी चहाच्या कपात पडली. ती धुऊन देत चाचा म्हणाले, "दात गेले तरी चालतील मास्तर, सूर जाता कामा नये." हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तिथली रीत अशी, की भेटल्यावर घर, बायको, पोरं, शेत, गुरं अशी एकेकाची चौकशी करायची. समोरच्याने दर वेळी 'हं' म्हणायचं, आणि मग त्याने उलट तेच सगळं विचारायचं. 'हं' आला नाही तर पुढचा प्रश्न नाही. चाची भाकरी थापता थापता आतून 'हं' देत. "काय विचारतात मेलं कळत नाही, पण हं म्हटल्याशिवाय जेवायला येत नाहीत," असं मला सांगायच्या.

चाची गेल्या. मुलं कुवेतला. आता चाचा पायरीवर पहिला प्रश्न विचारत, थांबत, आणि आत जाऊन दिवा लावत. दोन घरांमधल्या चिऱ्यांच्या गडग्याअलीकडून मी ते रोज ऐकायचो.

एका संध्याकाळी राहवलं नाही, मीच गडग्यावरून 'हं' म्हटलं.

चाचा वळले. "सूर खाली घ्या, मास्तर," म्हणाले, आणि पुढचा प्रश्न आला. असे करत आम्ही गुरांपर्यंत पोचलो. मग म्हणाले, आता तुम्ही विचारा, मराठीत चालेल.

मी घराचं विचारलं. 'हं' आला. मी पोरांचं विचारलं. 'हं' आला नाही.

"एक गाळलंत. रीत मोडू नका."

"चाची कशा आहेत?" मी विचारलं.

चाचा पायरीवर बसले. मग खालच्या सुरात 'हं' म्हणाले, आणि हाताने मला खूण केली, आता पोरांचं विचारा.