अल्लीपूरची खारी हवा

शासनाने एखादी वस्तू मोजायला घेतली की ती अस्तित्वात असणे हे जनतेचे कर्तव्य ठरते. हे कर्तव्य हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरने १९८१च्या सुमारास ज्या निष्ठेने बजावले, त्याला तोड नाही.

तेव्हा एका खात्याने समुद्रकाठच्या हवेतील कणांचे वजन व घटक मोजण्याची योजना आखली. किनाऱ्यावरच्या सगळ्या जिल्ह्यांना यंत्रे वाटून एक यंत्र उरले. उरलेले यंत्र परत केले, तर ते मागवलेच कशाला असा प्रश्न निघतो. म्हणून ते वर्धा जिल्ह्याला मंजूर झाले. (समुद्राची सोय स्थानिक पातळीवर करावी, अशी तळटीप होती.)

यंत्राबरोबर मनोहरराव नावाचे निरीक्षक आले. माणूस सरळ होता. नोकरीच्या दृष्टीने एवढाच काय तो दोष. सोयीची गच्ची भैयाजींच्या कापसाच्या कारखान्यावर, म्हणजे जिनावर होती, तिथे यंत्र बसले. काम सोपे. पंपाने हवा ओढायची, गोल कागदातून गाळायची, आणि कागदाचे आधीचे व नंतरचे वजन करायचे. फरक निघेल तो हवेतला माल.

त्याच जिनात देवकाबाई सरकी काढणाऱ्या यंत्रात कापूस टाकायची. दिवसभर तंतू उडत, संध्याकाळपर्यंत तिच्या भुवया पांढऱ्या होत, आणि खोकला तिला झोपू देत नसे. एके दुपारी ती गच्चीवर आली.

"साहेब, हे हवेतलं समदं धरते का?"

"सगळं," मनोहरराव अभिमानाने म्हणाले.

"मंग माह्या छातीत काय जाऊन राह्यलं, थे लिवून द्या. धूळ ओढणारा पंखा बसवा म्हणलं, तं भैयाजी म्हणते, तुले बिडीचा खोकला हाये. म्या जन्मात बिडी ओढली नाई!"

भैयाजी न्यायी होते. ते म्हणाले, "सरकारच्या कागदावर कापूस दाखव, दुसऱ्याच दिवशी पंखा लावून देतो."

मनोहररावांनी मन लावून अहवाल केला. कापसाचे तंतू एकाहत्तर टक्के, माती वीस, मिरचीची पूड सहा, उरलेले ओळखू न आलेले (पण तंबाखूसारखे). मीठ शून्य. सोबत देवकाबाईचा अर्जही जोडला.

थंडीत पाठवलेल्या अहवालाचे उत्तर उन्हाळ्यात, म्हणजे तातडीने, आले. 'तक्त्यात मीठ, वाळू व इतर असे तीनच रकाने आहेत. आपली बहुतेक हवा इतरमध्ये जाते, हे आक्षेपार्ह आहे. हवा दुरुस्त करून फेरअहवाल पाठवावा. अर्जाचे नंतर पाहू.'

नेमक्या त्याच आठवड्यात भैयाजींच्या पत्नी शालूबाई लोणच्यासाठी यंत्राशेजारी खडेमीठ कुटायला बसल्या. मनोहररावांनी त्यांना जरा सरकण्याची विनंती केली.

"काऊन? गच्ची आमची हाये," शालूबाई म्हणाल्या. कायद्याने ते बरोबरच होते.

मीठ बेचाळीस टक्क्यांवर गेले. मनोहररावांनी लोणच्याचा उल्लेख टिपेत प्रामाणिकपणे केला. (टिपा वाचण्याची तरतूद योजनेत नव्हती.) खात्यात आनंद झाला आणि अल्लीपूर हे किनाऱ्यावरचे गाव ठरले. पावसाळ्यात इशारा आला की मच्छीमारांनी होड्या बाहेर काढू नयेत. कोणीही काढल्या नाहीत. आदेशाच्या शंभर टक्के पालनाबद्दल गावाचे अभिनंदन झाले.

देवकाबाईच्या अर्जालाही उत्तर आले. समुद्रकाठची हवा छातीला हितकारक असल्याने अर्जदाराने आहे तिथेच काम करीत राहावे.

भैयाजींनी ते मोठ्याने वाचून दाखवले. "आयकलं का, देवका? आता तुयी छाती सुधरतेच."

देवकाबाईने भैयाजींकडे पाठ केली. तिने मनोहररावांकडे पाहिले. "साहेब, तुमी तं म्हणे, समदं धरते."

मनोहररावांचा डबा त्या दिवशी तसाच परत गेला. नव्या हंगामाला जिन सुरू झाला, तेव्हा त्यांनी शिलकीतले गोल कागद देवकाबाईच्या हाती दिले. तिने लुगड्याच्या दोन घड्यांत एक कागद शिवला आणि तोंडाला बांधला. आठवड्याभरात तिला सलग झोप लागली. मग शेजारच्या यंत्रात कापूस टाकणारी कोकिळा मागायला आली, मग बाकीच्या बाया. मनोहररावांनी कोणाला नाही म्हटले नाही. हवेतला माल पहिल्यांदाच योग्य ठिकाणी गाळला जाऊ लागला. त्यामुळे साहजिकच योजना बंद पडली.

कागद संपले, अहवाल थांबले, आणि अल्लीपूरचा समुद्र ओसरल्याची नोंद खात्याने घेतली. यंत्र गेले. मनोहररावांची बदली खऱ्या समुद्राकाठी झाली. तिथे त्यांचे अहवाल पहिल्या फेरीतच मंजूर होतात, असे कळते. पंखा बसला नाही. बाया आता नुसते फडके बांधतात.

वाचकहो, आपल्या अंगावर सुती सदरा किंवा साडी असेल, तर ती एकदा उन्हाच्या तिरिपेत झटकून पाहा. जे उडेल, त्यापुढे आपण लगेच नाकाला रुमाल लावाल. लावायलाच हवा. छाती आपली आहे.