दवाखान्याकडे निघालेलं घर

एल्सिरा बार्रिआने घर हलवायचं ठरवलं. नुसतं सामानसुमान नव्हे, अख्खं घर. भिंती, छप्पर, धुराडं, चूल आणि चुलीपाशी बसलेला नवरा, सगळं एकदमच.

निमित्त झालं ते विकास आराखड्याचं. चिलोए बेटावरच्या वित्रान गावात शहरातून माणसं राहायला येणार, त्यांच्यासाठी नवी घरं बांधायची, आणि एवढी वस्ती वाढणार म्हणून दवाखाना आणि बसथांबाही द्यायचा, असा नगरपालिकेचा बेत. आराखडा शाळेच्या भिंतीवर लागला. बघते तर सगळं खालच्या माळावर! एल्सिराचं घर वर, टेकडीवर, गावाच्या मधोमध. नवरा सोतेरो गुडघ्यांनी अधू. मागच्या हिवाळ्यात उतारावर घसरून तो चरात पडला आणि कुणी येईपर्यंत भिजत तिथेच राहिला. तेव्हापासून एल्सिराच्या जिवाला घोर लागला होता.

"दवाखाना काही वर यायचा नाही," ती म्हणाली. "मग आपणच जाऊ त्याच्याकडे. माझ्या भावाचं शेत माळाला लागूनच आहे."

"आणि माझे गुडघे?"

"ते घरात बसतील. घर बैल ओढतील."

चिलोएत यात नवल काहीच नाही. घरं लाकडाची. मिंगाची, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या कामाची, हाक दिली की शेजारीपाजारी बैलजोड्या घेऊन येतात, ओंडक्यांवर घर चढवतात आणि ओढत नेतात. मिंगाला नाही म्हणायचं नसतं, आणि घरधनिणीने जेवणात हात आखडता घ्यायचा नसतो. एल्सिराने डुक्कर मारलं, बटाट्याच्या पोळ्या थापल्या, सफरचंदाच्या दारूचं पिंप उघडलं.

रविवारी सकाळी आठ जोड्या जुंपल्या. म्होरक्या होता एलिसेओ नाउएलकीन, गावचा पुढारी आणि बैलांतला दर्दी. पण सोतेरोही एके काळचा नावाजलेला बैलवाला. तो चूल सोडून हलेना, आणि खिडकीतून त्याचं तोंडही थांबेना.

"अरे, डाव्या जोडीला ढील दे! मागचे दोर ताण! तुझ्या बापाने हेच शिकवलं का तुला?"

"एल्सिराबाई," एलिसेओ काकुळतीला आला, "नवऱ्याची खिडकी लावून घ्या. बैल गोंधळतात."

तरी घर झोकात उतरलं. धुराड्यातून धूर निघत होता, पोरं मागे ओरडत होती. दुपारी माळ लागला आणि तिथे घोडं अडलं. माळ वरून हिरवागार, आतून नुसती दलदल. आजवर तिथे फक्त मेंढरं चरली होती. जड असं काही त्यावर कुणी आणलंच नव्हतं. पुढचे ओंडके चिखलात रुतले, बैल पोटापर्यंत खचले. घर एका अंगाला कललं आणि आतून सोतेरोचा आवाज आला, "किटली गेली!"

नेमक्या त्याच वेळी आराखडा समजावून सांगायला पालिकेच्या सेन्योरिता मातिल्दे येऊन ठेपल्या. सभा त्याच दिवशी होती, पण मिंगाच्या गडबडीत ती कुणाच्या लक्षातच राहिली नव्हती. शाळा रिकामी बघून बाई आवाजाच्या रोखाने चालत आल्या, तो त्यांचा एक बूट माळाने गिळला. वरून पावसाची सर आली. मग काय, सगळं गाव कललेल्या घरात शिरलं आणि सभा तिथेच भरली. टेबलावरचे पेले घसरत होते, ज्याच्यापुढे येईल तो पीत होता.

"सेन्योरिता," एलिसेओने दाराबाहेर बोट दाखवलं, "ते बैल दिसतात ना? तिथेच तुमचा दवाखाना."

बाईंनी बैलांकडे पाहिलं, मग आपल्या एका पायातल्या मोज्याकडे. "इथे नाही बांधता येणार," त्या कबूल झाल्या. "नवी घरंसुद्धा नाही. घरांचं पुढे बघू, पण दवाखान्याला आत्ताच जागा लागेल. सपाट, टणक, रिकामी. गावाच्या मध्ये असली तर सोन्याहून पिवळं. आहे का अशी?"

एकेकाची नजर खिडकीतून वर टेकडीवर गेली. तिथे एक छान सपाट, कोरडा चौकोन दिसत होता. त्यात एल्सिराच्या कोंबड्या घर शोधत हिंडत होत्या.

"कालपर्यंत नव्हती," एलिसेओ म्हणाला. "आज सकाळपासून आहे."

सोतेरो इतका हसला की त्याला ठसका लागला. एल्सिराने चुलीवरचं फडकं त्याला फेकून मारलं. तिला हसावं की रडावं कळेना. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला, तो दवाखाना तिच्याच उंबऱ्यावर येणार होता, आणि उंबरा इथे चिखलात!

"जागा देते," ती शेवटी म्हणाली. "पण बदल्यात हा माळ माझ्या मेंढरांना. आणि माझं घर दवाखान्याला खेटून, बटाट्याच्या वाफ्यात."

"म्हणजे घर पुन्हा वर न्यायचं," एलिसेओ म्हणाला. "म्हणजे पुन्हा मिंगा."

"माहीत आहे."

"म्हणजे पुन्हा डुक्कर!" मागून कुणीतरी आनंदाने आरोळी दिली.

चढावर बैलांच्या नाकी नऊ आले, पण घर वर पोचलं. पुढच्या वर्षी शेजारी दवाखाना उभा राहिला, त्याचं दार एल्सिराच्या दारासमोरच. पहिल्या दिवशी तिने सोतेरोला धुतलेला सदरा घातला, केस विंचरले.

"चला, उठा."

"जाईन गं," सोतेरो चुलीपाशी माते हा कडू चहा पीत म्हणाला. "आता काय, दाराशीच तर आहे. उद्या जाईन."

उद्याही तेच, परवाही तेच. महिना गेला. "दवाखाना काय पळून चाललाय?" हे वर.

एका सकाळी एल्सिरा कुंपणापाशी गेली. पलीकडे एलिसेओ नांगरत होता.

"एलिसेओ! बैल मोकळे होतील का जरा? एक जड वस्तू हलवायची आहे. लांब नाही, इथेच."

घरात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सोतेरो काठी शोधत होता.