कोंडिबाचं मागचं दार

एका जंगलात, बाळांनो, उंदीर राहत होते. कोणतं जंगल ते विचारू नका. नाव सांगितलं की तुम्ही लगेच म्हणणार, तिथे आमचे काका असतात. तुमचे काका कुठेही असतात.

त्या उंदरांत कोंडिबा नावाचा एक उंदीर होता. खणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मुरूम असो की चिकणमाती, कोंडिबाने पुढचे पाय टेकले की जमीन आपणहून बाजूला सरकायची. त्याची बायको सगुणा. तिला नुकतीच पिल्लं झाली होती. पिल्लांचे डोळे अजून मिटलेले होते.

आता उंदरांची एक रीत ऐका. पिल्लांचे डोळे उघडायच्या आत बापाने बिळाला मागचं दार खणायचं. का म्हणजे? अरे, धामण पुढच्या दाराने येते म्हणून. ती काही कडी वाजवून येत नाही. ती आत शिरली की घरादाराने मागून पळायचं. पिल्लांनी डोळे उघडले की बाप त्यांना पहिल्यांदा तेच दार दाखवतो. दाणा नंतर, आभाळ नंतर, आधी दार.

कोंडिबाने जागा हेरली. शेपटीने माप घेतलं. तेवढ्यात घार आली.

कोण तो किंचाळला? खाली बस. घार उंदराला खाते, मला माहीत आहे. पण कामावरच्या उंदराला ती खात नाही, तसा करारच असतो. ही घार भरतीसाठी आली होती.

सात डोंगरांपलीकडे एक काळा डोंगर होता. त्याच्या पोटात चकचकीत दगड होते. त्या दगडांचं पुढे काय होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मालक कोण, तेही नाही. कुणी म्हणायचं, सिंह. कुणी म्हणायचं, छे, सिंहसुद्धा तिथे पगारावर आहे. डोंगर पोखरून उंदीर काढतात, हे तुम्ही ऐकलंय. इथे उंदीर लावून डोंगर पोखरत होते.

पण त्या डोंगरावर गवताची काडी उगवत नव्हती. तिथे बिऱ्हाड कोण करणार? मग खाणीच्या कंपनीने युक्ती काढली. घारींनी उंदरांना पंजात धरून उडत न्यायचं आणि उडत आणायचं. पौर्णिमेला न्यायचं, अमावास्येला आणून सोडायचं. वद्य पक्ष खाणीत, शुद्ध पक्ष घरी.

"घरी असताना काय काम?" कोंडिबाने विचारलं.

"काही नाही. लोळायचं," घार म्हणाली. "पगाराची ज्वारी चालूच राहते."

अहाहा! हे ऐकून आख्ख्या जंगलातले उंदीर शेजारच्या बांधावर गोळा झाले. असतील शितं तर जमतील भुतं. पण घारीने सगळ्यांत आधी कोंडिबाला निवडलं. खणणारे पाय ती वरूनच ओळखायची.

"अहो, पण दार?" सगुणा म्हणाली.

"हा गेलो नि हा आलो. एका पंधरवड्याचा तर प्रश्न आहे. धामण काय आपली वाट बघत बसलीय?"

बाळांनो, धामण वाटच बघत बसते. तिला दुसरा उद्योग नसतो.

तर कोंडिबा उडाला. आजवर त्याच्या घराण्यात जे उडाले, ते परत आले नव्हते. हा पहिलाच परत येणार होता. त्यामुळे त्याची आई रडली आणि तिने जंगलभर सांगितलंही.

खाणीत दोनच गोष्टी होत्या, खणणं आणि खाणं. खाण्याची तर चंगळ. शेंगदाणे, सुकं खोबरं, वर गुळाचा खडा. मागाल तितकं. दुसरं करणार तरी काय? तिथे भांडायला शेजारी नव्हता, रुसायला बायको नव्हती. संध्याकाळ झाली की पोरांची आठवण यायची आणि आठवण आली की कोंडिबा आणखी एक खडा गूळ खायचा. सगळेच उंदीर असं करायचे. ती खाण बाहेरून फार आनंदी दिसत असे.

तिथे सुरक्षेचा अधिकारी कासव होता. तो शंभर वर्षं जगला होता, म्हणजे त्याला त्यातलं कळत असणार. रोज सकाळी तो दगडावर चढायचा. त्याला चढायला वेळ लागायचा, तोवर सगळे थांबायचे. मग तो म्हणायचा, "उंदीर हो, जीव सगळ्यांत मोलाचा! प्रत्येक बोगद्याला मागचं दार पाहिजे. दार सगळ्यांत जाड उंदराच्या मापाचं पाहिजे. आणि संकट आलं तर पळायचं नाही. जागच्या जागी रांग लावायची, आपलं नाव सांगायचं आणि हजर म्हणायचं."

मग ही मागची दारं खणणार कोण? कोंडिबाच. दारं तो असली गुळगुळीत खणायचा की आतून वारा गेला तरी अंग खरचटू नये. गूळखोबऱ्याने पुढे पुढे तोच सगळ्यांत जाड उंदीरही झाला. त्यामुळे काम सोपं झालं. दार खणायचं आणि स्वतःच त्यातून जाऊन बघायचं. कासवाने त्याच्या गळ्यात घाणेरीच्या फुलांची माळ घातली. खाणीतला एकही बोगदा मागच्या दाराशिवाय राहिला नाही. कोंडिबाला त्याचा फार अभिमान वाटायचा आणि वाटायलाच हवा होता.

पहिल्यांदा तो घरी आला, तेव्हा पिल्लांचे डोळे उघडले होते. दारात ठकू बसली होती. ठकू म्हणजे सगळ्यांत थोरली. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं आणि आत हाक मारली, "आई, पाहुणे आलेत!"

"अगं, बाबा आहेत ते तुझे," सगुणा म्हणाली.

"बरं," ठकू म्हणाली. "बाबा पाहुणे, बसा. पाणी आणू?"

सगळे हसले. कोंडिबा सगळ्यांत मोठ्याने हसला. मग कोपऱ्यात जाऊन झोपला.

तो झोपला तो चंद्राची चांगली भाकर होईपर्यंत झोपला. सगुणाने दाराचं विचारलं, तेव्हा त्याला रागच आला. "तिकडे खणूनच येतो ना? घरी आलो तरी खणूच का? सुट्टी आहे माझी."

हेही खरंच होतं. त्याचे पाय सुजलेले असायचे. आणि पायांची सूज उतरली रे उतरली की पौर्णिमा यायची.

शिवाय घरी आला की तो घराला शिस्त लावायचा. ज्वारी इकडे का ठेवलीत? तिकडे ठेवा. असं घोळक्याने काय जेवता? रांगेत बसा. पिल्लं रांगेत बसायची आणि आईकडे बघायची. तो उडाला की सगुणा ज्वारी परत जागेवर ठेवायची.

अशा कितीतरी अमावास्या गेल्या. काय रे? उंदरांची पिल्लं इतके दिवस लहान कशी राहिली? गोष्टीत राहतात. गप बस.

शेवटी सगुणाने पदर खोचला. तिला खणायची सवय नव्हती. तिची नखं तुटली, नाकाची सालं निघाली. पण तिने पिल्लांना बरोबर घेतलं आणि मागचं दार पाडलं. स्वतःचं अंग आत घालून माप बघितलं. मग पिल्लांना आत-बाहेर करायला लावलं. ठकू तर डोळे मिटून जायला शिकली.

कोंडिबा आला तेव्हा तिने त्याला सांगितलं, "अहो, मागचं दार झालं हं."

त्याच्या तोंडात दाणे होते. "हं," तो म्हणाला. "छान."

कुठे आहे, असं त्याने विचारलं नाही. कुणी खणलं, असंही विचारलं नाही. सगुणाला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून घेत बसायला तिला सवड नव्हती. पिल्लांची जेवणं व्हायची होती.

आणि मग एका दुपारी धामण आली.

ती पुढच्या दाराने आली. बिळात उजेड होता तो एकदम गेला. सगुणा ओरडली, "मागच्या दाराने!" आणि पिल्लं सुटली. कुणी ढकललं नाही, कुणी रडलं नाही. ठकू पुढे, बाकीची मागे, शेवटी सगुणा. करवंदीच्या जाळीखाली सगळी बाहेर पडली. सगुणाने एकेकाच्या नाकाला नाक लावून पाहिलं. सगळी होती. तिचा जीव भांड्यात पडला.

"आई," ठकू म्हणाली, "पाहुणे राहिले की गं!"

सगुणा गर्रकन मागे वळली. ती त्याला विसरली होती, बाळांनो. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, खूप होतं. पण घर मोजताना त्याला धरायची सवयच मोडली होती.

आत कोंडिबा काय करत होता? जे शिकवलं होतं ते. तो जागच्या जागी ताठ उभा राहिला. एकट्याची रांग लावली आणि मोठ्याने म्हणाला, "कोंडिबा, हजर!"

धामणीला नीट दिसत नव्हतं. पण एवढं सांगितल्यावर तिची सोय झाली.

ती वळली तेव्हा कोंडिबाच्या डोक्यातला कासव पळाला आणि उंदीर जागा झाला. तो वास काढत पळाला. पोरांच्या वासाने त्याला दार सापडलं. त्याने डोकं घातलं. डोकं गेलं. खांदे गेले. पोट अडकलं.

पुढे बायकोचं तोंड दिसत होतं. मागे फुसफुस ऐकू येत होती.

"श्वास सोडा!" सगुणा ओरडली. "आत ओढा ते पोट!"

"ओढतोच आहे गं!"

मग तिने बाहेरून उकरायला घेतलं. त्याने आतून घेतलं. संसारात ती दोघं पहिल्यांदाच एका जागी खणत होती. माती ढासळली, कोंडिबा बाहेर ओढला गेला. शेपटीचा शेंडा तेवढा धामणीकडे राहिला.

सगळी जाळीखाली धापा टाकत बसली. धामणीने रिकामं बीळ हुंगलं आणि ती दुसरीकडे गेली. बऱ्याच वेळाने ठकूने विचारलं, "पाहुणे, दुखतंय का?"

"मी पाहुणा नाही, ठकू," कोंडिबा म्हणाला. "मी तुझा बाप आहे."

ठकूने विचार केला. ती काही दुष्ट नव्हती, लहान होती. "मग तुम्हाला दार कसं माहीत नव्हतं?" तिने विचारलं.

कोंडिबाला रडू आलं. तो पोरांसमोर रडला. सात डोंगरांपलीकडे त्याने खणलेलं प्रत्येक दार त्याला डोळे मिटून सापडलं असतं.

"सगुणा, मी आता जात नाही," तो म्हणाला. "इथेच राहतो."

"खरंच?" ती म्हणाली. त्या दिवशी तिने ज्वारी त्याने सांगितलेल्या जागी ठेवली.

पौर्णिमेला घार आली. करवंदीच्या जाळीजवळ उतरली.

"मावशी," कोंडिबा हात जोडून म्हणाला, "मी काम सोडलं म्हणतो."

"सोड की!" घार म्हणाली. "जबरदस्ती कसली? कंपनी कुणाला धरून ठेवत नाही. करार संपला, आपण मोकळे. तूही मोकळा, मीही मोकळी." तिने इकडेतिकडे पाहिलं. पिल्लं उन्हात खेळत होती. "पोरं बाळसेदार झालीत हं तुझी," ती कौतुकाने म्हणाली. "दृष्ट काढत जा. मी सकाळपासून उपाशी आहे म्हणून सांगते."

कोंडिबा पोरांकडे बघत राहिला. घारही बघत राहिली.

"चला," कोंडिबा म्हणाला आणि त्याने मान पुढे केली.

तो वर वर गेला. पिल्लांनी शेपट्या हलवल्या. ठकूने सगळ्यांत जास्त वेळ हलवली. तो ठिपका दिसेनासा झाल्यावर सगुणा आत गेली आणि मागच्या दाराची माती काढू लागली. खूप काढली. घामाघूम झाली.

"आई, आता कशाला गं?" ठकू म्हणाली. "आपण तर त्यातून आरामात जातो."

सगुणा थांबली नाही. "पाहुण्यांसाठी," ती म्हणाली.

तात्पर्य : दार घरच्यांच्या मापाचं कधीही खणू नये. घरचे कशातूनही निसटतात. पाहुणा अडकतो.