प्रभारी थंडी

थंडी दरवर्षी दिवाळी उलटली की संध्याकाळच्या एसटीने खारवंडीत येई आणि हेमलता सारंग यांच्या मागच्या खोलीत उतरे.

गावात लॉज एकच, आणि त्यावर पत्रे. दिवसा ते तापत, म्हणून तो थंडीच्या उपयोगाचा नव्हता. हेमलताबाईंचं घर कौलारू होतं आणि मागच्या खोलीची खिडकी खाडीकडे उघडायची. बाईंना गारव्याची सवयही होती. त्यांचे यजमान बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात होते, आणि होते तोवर रोज गारठलेले हात घेऊनच घरी येत. ते गेल्यावर खोली रिकामी पडली. त्याच साली थंडी दारात येऊन उभी राहिली. तिने विचारलं, "जागा आहे?" बाई म्हणाल्या, "आहे की."

थंडी अंगाने किरकोळ, बोलायला कमी आणि वागायला नेटकी होती. पहाटे उठून ती फेरीला निघे. आधी खाडीचा काठ, मग बाजार, मग चढण चढून सड्यावरच्या, वरच्या कातळपठारावरच्या, आंब्याच्या बागा. तिथे तिचं खरं काम असे. उन्हं कौलांवर आली की ती परते. बाई तिच्यापुढे चहा ठेवत. तो तिच्या तोंडाशी जाईपर्यंत निवून जाई, आणि तिला तसाच आवडे. मग दोघी कुळीथ निवडत बसत.

"वरच्या बागेत मोहोर धरलाय," थंडी म्हणे.

"चांगलं झालं," बाई म्हणत, आणि यजमानांचा स्वेटर अंगाभोवती ओढून घेत.

एवढं बोलणं त्यांना पुरत असे. मुलगी मस्कतला होती. ती रविवारी फोन करून ब्लडप्रेशरची गोळी घेतली का ते विचारी. शिमगा झाला की थंडी परत जाई, आणि मग बाई घरात रेडिओ चालू ठेवत. ऐकायला नव्हे, नुसताच चालू असावा म्हणून.

त्या वर्षी थंडी येऊन स्थिरावते न स्थिरावते तोच नगरपंचायतीचे मुख्याधिकारी पांगेरकर घरी आले. त्यांना खोकला झाला होता. सगळ्या गावालाच झाला होता. वेशीजवळच्या कारखान्यात काजू बिया भाजत, त्याचा कडवट धूर सकाळी गावावर रजईसारखा पसरून राही.

"बाई, तुमच्या पाहुणीबद्दल बोलायचं होतं," पांगेरकर खुर्चीत बसत म्हणाले. "धूर खाली बसतोय."

"धूर कारखान्याचा आहे."

"धूर बारा महिने असतो. एरवी तो वर जातो. थंडी आली की खाली बसतो. म्हणजे बसवतं कोण?"

"मग भट्टी बंद ठेवा ना चार महिने," बाई म्हणाल्या.

"भट्टीला परवानगी आहे," पांगेरकर शांतपणे म्हणाले. "थंडीला आहे का?"

थंडीला परवानगी नव्हती. ती आपली येत असे.

"ठरावच झालाय. एकमताने. तुमच्याकडे राहते, तेव्हा तुम्हीच सांगितलेलं बरं. आम्ही सांगितलं तर वाईट दिसेल."

पांगेरकर गेल्यावर बाई चुलीकडे वळल्या. भिंत पातळ होती. थंडीने सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली तेव्हा पिशवी भरलेली होती.

"मी भांडते त्यांच्याशी," बाई म्हणाल्या. "असं कसं घालवतील? उद्याच जाते कचेरीत."

"नको," थंडी म्हणाली. "मुलं खोकतात. मी ऐकते ना पहाटे, घराघरातून."

"मग मी एकटीने काय करायचं?"

थंडीने बाईंचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. स्टँडवर बाई तिला पोचवायला गेल्या. लोक तोंडाला रुमाल लावून उभे होते. कुणी निरोप दिला नाही. एसटी घाटाकडे वळली आणि गावात लगेच उकडायला लागलं.

धूर वर गेला. खोकला थांबला. पांगेरकरांचा सत्कार झाला. हेमलताबाईंच्या अंगातला स्वेटर मात्र उतरेना. शेजारची नझीमा मुकादम फणसाची भाजी घेऊन आली आणि दारातच थबकली.

"हेमाताई, तुमच्याकडे अजून गार कसं?"

"गेली ती," बाई म्हणाल्या. "खोली रिकामी आहे."

नझीमाने भाजीचं भांडं त्यांच्या हातात दिलं. भाजी तिथल्या तिथे निवली. दोघींनी ते पाहिलं. नझीमा पदर खांद्यावर ओढत म्हणाली, "येते हां मी," आणि गेली. पुन्हा लवकर आली नाही.

पौष सरत आला तरी सड्यावर मोहोर नव्हता. बागायतदार नगरपंचायतीच्या दारात येऊन बसले. मग पांगेरकर पुन्हा बाईंकडे आले. या खेपेला त्यांनी मफलर आणला होता.

"थंडीला परत बोलावता येणार नाही, ठराव आहे," ते म्हणाले. "पण कार्यभार कुणाला तरी देता येतो. तुमचा इतक्या वर्षांचा सहवास. धूर बसण्याइतकी थंडी तुमच्यात नाही, मोहोर येण्याइतकी आहे. अभियंत्यांनी तुमच्या ओसरीवर तपासलंय."

"मला चढण जमायची नाही," बाई म्हणाल्या.

"हळूहळू चढा. घाई नाही."

बाईंनी खिडकीतून खाडीकडे पाहिलं. "ती आली तर मी लगेच सोडेन हं," त्या म्हणाल्या.

"अर्थात. प्रभारीच आहे."

दुसऱ्या पहाटे हेमलताबाई निघाल्या. खाडीचा काठ झाला, बाजार झाला. ओळखीचे लोक दिसत होते. त्या जवळ आल्या की कानटोपी ओढून, मान आत घेऊन पुढे जात होते. नझीमाचं दार बंद होतं. चढणीवर बाई दोनदा बसल्या. उजाडताना त्या बागेत पोचल्या आणि कलमांमधून सावकाश हिंडल्या, एकेका फांदीला हात लावत.

उतरताना सड्याच्या टोकाला एक घर लागलं. तिथली माणसं त्यांच्या ओळखीची नव्हती. आतून भांड्यांचा आवाज येत होता. बाई कुडाच्या भिंतीजवळून जाऊ लागल्या तशी कुणीतरी घाईने खिडकी लावून घेतली, आणि मग आतून एका बाईचा हसरा आवाज आला.

"आली गो थंडी! चादरी काढा वर!"

हेमलताबाई कुडापाशी थांबल्या. आत चादरी झटकल्याचा आवाज येत राहिला. तो थांबेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.