शर्वरीकडे राहिलेला हात

एका गुरुवारी ऑनलाइन तालीम चालू असताना गजाननबुवा तारळेकरांचा उजवा हात वेबकॅममधून कोपरापर्यंत बाहेर आला आणि नाशिकला शर्वरी आगाशेच्या टेबलावर उतरला. बाकीचे बुवा मिरजेतच राहिले.

"दुखतंय का हो, बुवा?" शर्वरीने विचारलं.

"दुखायचं काय त्यात? राहू दे तिकडंच. इथून धरलेला ताल तुला नेहमी उशिरा ऐकू येतो. ती कटकट तरी मिटली," स्क्रीनवरचे बुवा म्हणाले आणि डाव्या हाताने चहा प्यायले.

सोसायटीचे सेक्रेटरी बोंद्रे चौकशीला आले. हात पाहुणा की पोटभाडेकरू, एवढाच त्यांचा प्रश्न होता. हाताने पुढे होऊन शेकहँड केला. माणूस घरंदाज दिसतो, असं म्हणून बोंद्रेंनी पाहुणा ठरवून टाकलं.

हात रोज सकाळी टेबलावर ताल धरून बसे. शर्वरीची तान जमली की पाठ थोपटे. बुवांनी इतक्या वर्षांत तिची पाठ एकदाही थोपटली नव्हती, त्यामुळे तिला पहिल्यांदा उचकीच लागली.

अडचण दत्तजयंतीच्या उत्सवाची होती. मंडळात गायचं तर गुरूची परवानगी लागते. शर्वरी शिकता शिकता पन्नाशीला आली, तरी बुवांचं उत्तर ठरलेलं: "एवढी काय घाई आहे गं?" यंदा नाही तर आपण कधीच गाणार नाही, हे तिला कळून चुकलं आणि तिथेच तिला रडू फुटलं. तेव्हा हात हळूच वर आला आणि तिच्या डोक्यावर टेकला.

शर्वरीने हे मंडळाला कळवलं, तशी मंडळाने तातडीची बैठक बोलावली. गुरूंचं तोंड नको म्हणतंय आणि हात आशीर्वाद देतोय, यातलं ग्राह्य काय? दोन्ही बाजू हिरिरीने मांडल्या गेल्या.

"आशीर्वाद डोक्यावर हात ठेवून देतात," अध्यक्ष पिंगळे शेवटी म्हणाले. "तोंड ठेवून दिलेला माझ्या तरी पाहण्यात नाही."

ठराव एकमताने मंजूर झाला. शर्वरी गायली, आणि अशी गायली की महाप्रसादाची पानं मांडलेली असूनही कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी बुवा स्क्रीनवर फणफणत आले. "मी नाही म्हटलं होतं. माझा हात परत पाठव."

शर्वरीने लॅपटॉप हातासमोर धरला. हात पालथा पडून राहिला.

"येत नाही म्हणतो, बुवा."

बुवांनी डाव्या हाताने तंबोरा जवळ ओढला. मग घसा खाकरून म्हणाले, "बरं. मला रियाझ करायचाय. त्याला ताल तरी धरायला सांग."

हाताने ताल धरला. बुवा गाऊ लागले, रंगात आले, तानेवर तान घेऊ लागले. मध्येच हाताने पंजा उभा केला.

बुवा थांबले.

"कुठं चुकलं गं?"

"तान लांबली, बुवा," शर्वरी म्हणाली. "पुन्हा घ्या."

बुवांनी पहिल्यापासून घेतली.