औषधाचं लाकूड

निलंग्याच्या ईश्वरप्पांना अर्धी गोष्ट ऐकली की पूर्ण कळते. निदान त्यांचं तसं म्हणणं आहे! गोठ्यासाठी आणलेले हिरवट खांब उतरवताना सुतार सोमेश म्हणाला, "अप्पा, हे औषध पाजलेलं लाकूड हाय..." पुढचं ऐकायला अप्पा थांबलेच नाहीत. शुगरवाले लोक बिबळ्याच्या लाकडाचं पाणी पितात, हे त्यांना ठाऊक होतं. इथं तर लाकडाला औषध आधीच पाजलेलं!

"गुणा, आता शुगर पळालीच म्हणून समज!" असं बायकोला सांगून त्यांनी खांबाचे कापलेले तुकडे तांब्यात भिजत घातले.

"आधी कुणाला तरी इचारा की," गुणाबाई म्हणाल्या.

"इचारायचं काय त्यात? रंग बघ! कसा गुण उतरून राहिलाय पाण्यात!"

दुसऱ्या दिवशी मुरुडहून अर्जुनराव आले. म्हणजे लेकीचे, तनुजाचे सासरे. त्यांनाही शुगर! अप्पांनी मोठ्या प्रेमानं दोन पेले भरले. एक पाहुण्यांच्या हातात दिला आणि ते दुसरा घेऊन चहाचं सांगायला आत गेले. परत आले, तर पाहुण्यांचा पेला रिकामा.

"लई गुणकारी हाय हो," अर्जुनराव मिशी पुसत म्हणाले.

तेवढ्यात सोमेश दारात आला.

"अप्पा, त्या लाकडाला हात लावला की साबणानं धुवा बरं. अन् तुकडे चुलीत घालू नका, धूर लई वंगाळ."

"का रं? औषधाचं हाय न्हवं?"

"हाव, औषधाचंच! वाळवीच्या!"

अप्पांच्या पायाखालची जमीन सरकली. चाळीस वर्षं ते स्वतः पिकावर 'औषध' मारत आले होते, डब्यावरची कवटी बघत आले होते. लाकडाच्या बाबतीत मात्र त्यांना नेमका वैद्य आठवला! लेकीच्या सासऱ्याला घरी बसवून विष पाजलं. आता तनुजाला तोंड कसं दाखवायचं? त्यांना खरंच रडू फुटलं.

"पाव्हणं, उठा! दवाखान्यात चला!"

"मला काय झालंय?"

"अजून न्हाई झालं, म्हणून तर लवकर चला!"

ऑटोत कोंबून अप्पांनी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पोटात घालायची नळी मागवली. नळी दिसताच अर्जुनराव खाटेवरून टुणकन खाली उतरले.

"थांबा हो! म्या एक घोटबी प्यालो न्हाई! व्याह्याचं मन मोडू नये म्हणून मोरीत ओतलं!"

अप्पांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी भर दवाखान्यात व्याह्यांना कडकडून मिठी मारली. डॉक्टर मात्र अप्पांकडे वळले.

"आणि तुम्ही किती प्यालात?"

मिठी सोडून अप्पा चपलेकडे बघत पुटपुटले, "म्या कुठं प्यालो? म्हटलं, आधी पाव्हण्याला काय फरक पडतो ते बघावं."